मैदानावरची मेहनत आणि मेंदूतली शांतता

जुलै २०२२. अमेरिकेतल्या यूजीन शहरात जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत ११० मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी होती. डेव्हन अॅलन हा धावपटू इशाऱ्याचा आवाज झाल्यानंतरच निघाला होता, आधी नाही. तरीही त्याला बाद केलं गेलं. आवाज झाल्यापासून ०.०९९ सेकंदांत त्याच्या पायांचा जोर ब्लॉकवर, म्हणजे निघताना पाय टेकवायच्या आधारावर, नोंदला गेला होता आणि नियमाची मर्यादा ०.१०० सेकंदांची आहे. त्याच्या आत निघालेला माणूस आवाज ऐकून निघालेला असूच शकत नाही, त्याने अंदाजाने झेप घेतली, असं धरलं जातं.

नियम बरोबर की चूक, हा वाद आपण बाजूला ठेवू. त्या दशांश सेकंदात शरीरात काय काय उरकतं, ते पाहण्यासारखं आहे. आवाज कानात शिरतो, आतल्या कानात त्याचे विजेचे संदेश होतात, ते मेंदूच्या तळातून वर चढतात, 'हाच तो इशारा' अशी ओळख पटते, पायांना हुकूम सुटतो आणि स्नायू ताणले जातात. प्रकाशाच्या इशाऱ्याला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण १८० ते २०० मिलिसेकंद लागतात. आवाजाच्या इशाऱ्याला १४० ते १६०. म्हणजे डोळ्यांपेक्षा कानांची वाट जवळची आहे.

आवाज किती मोठा आहे, यानेही फरक पडतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या १०० आणि ११० मीटर शर्यतींच्या नोंदी कॅनडातल्या संशोधकांनी तपासल्या. स्टार्टरच्या, म्हणजे इशाऱ्याची बंदूक उडवणाऱ्याच्या, सगळ्यात जवळ, पहिल्या लेनमध्ये असलेल्यांना निघायला सरासरी १६० मिलिसेकंद लागले होते आणि बाकीच्यांना १७५ च्या आसपास. याच संशोधकांनी प्रयोगशाळेत बंदुकीचा आवाज ८० डेसिबलवरून १२० डेसिबलवर नेला, तेव्हा प्रतिसाद सरासरी १३८ वरून १२० मिलिसेकंदांवर आला. आवाजाच्या वेगाचाही प्रश्न असतोच. पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये साडेआठ मीटरचं अंतर, ते कापायला आवाजाला २५ मिलिसेकंद लागतात. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे स्पीकर ठेवतात.

खेळाडूच्या तयारीबद्दल बोलताना आपण दम, ताकद, लवचीकता, नजर यांबद्दल बोलतो. कान सहसा कुणाला आठवत नाहीत. पण वर्षानुवर्षं मेहनत घेतलेल्या शरीरात आवाज हाताळणारा मेंदूही वेगळा होत असेल का? या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत खरं काम झालं आहे. त्यातून जे उत्तर पुढे आलं, ते मला तरी अनपेक्षित वाटलं. ते समजायला आधी ऐकण्याची वाट थोडी माहीत हवी.

कानापासून वर, आणि वरून खाली

आवाज म्हणजे हवेतली कंपनं. ती कानाच्या पडद्यावर आदळतात, तीन चिमुकल्या हाडांतून आतल्या कानातल्या कॉक्लिआपर्यंत, म्हणजे शंखासारख्या वळलेल्या नळीपर्यंत जातात. तिथे सुमारे साडेतीन हजार आतल्या केशपेशी त्या हालचालीचे विद्युत संदेश बनवतात. पुढे कानाच्या नसेतले तीसेक हजार तंतू हे संदेश ब्रेनस्टेमकडे, म्हणजे मेंदूला पाठीच्या कण्याशी जोडणाऱ्या भागाकडे नेतात. इथे दोन्ही कानांकडून आलेल्या बातम्या पहिल्यांदा एकत्र येतात. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला जरा नंतर पोचतो. हा फरक जास्तीत जास्त ६०० ते ७०० मायक्रोसेकंदांचा, आणि आपल्याला तर १० मायक्रोसेकंदांचा फरकही कळू शकतो. एवढं बारीक कालमापन शरीरात क्वचितच कुठे होत असेल. आवाज झाल्यापासून सहाएक मिलिसेकंदांत संदेश मध्यमेंदूच्या दारात असतो. पुढे थॅलॅमस हे मेंदूतलं मधलं ठाणं आणि शेवटी कानांच्या वरच्या बाजूला असलेला श्रवणाचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातला ऐकण्याचा भाग.

शाळेत आपल्याला ही वाट एकेरी शिकवली जाते. प्रत्यक्षात वरून खाली येणारे तंतूही भरपूर असतात, काही तर थेट कॉक्लिआपर्यंत उतरतात. काय महत्त्वाचं आणि काय सोडून द्यायचं, याच्या सूचना वरचा मेंदू खालच्या केंद्रांना देत राहतो. त्यामुळे लक्ष, अनुभव, भावना आणि हालचाल या सगळ्यांची छाप ऐकण्यावर पडते.

यातली हालचाल आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं की प्राणी हलायला लागला की मेंदूचा हालचालींचा भाग श्रवणाच्या भागातल्या काही चेतापेशींना जागं करतो, आणि या पेशी बाकीच्यांना दाबून धरतात. म्हणजे शरीर हलताना मेंदू आपणहून ऐकण्याची पातळी खाली आणतो. २०१८ मध्ये याच गटाने आणखी एक प्रयोग केला. ट्रेडमिलवर धावणाऱ्या उंदराच्या पावलांना त्यांनी एक कृत्रिम सूर जोडला. काही दिवसांत उंदराच्या मेंदूने नेमका तेवढाच सूर गाळायला सुरुवात केली आणि धावताना येणारे इतर सूर तो जास्त चांगले टिपू लागला. आपल्याच पावलांचा आवाज वजा केला की दुसऱ्याच्या पावलांचा आवाज ठळक होतो. हा प्रयोग उंदरांवरचा आहे आणि त्यावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही. पण हालचाल आणि ऐकणं मेंदूत किती जवळून बांधलेलं आहे, हे त्यातून नीट दिसतं.

मेंदू रिकामा बसत नाही

पूर्ण शांत खोलीत डोळे मिटून बसलं तरी चेतापेशींमध्ये वीज चालूच असते. काही पेशी कारण नसतानाही संदेश सोडतात. ही पार्श्वभूमीची हालचाल म्हणजे मेंदूतला गोंगाट. बाहेरून आलेल्या आवाजाचा संदेश या गोंगाटातूनच वर काढावा लागतो. त्यामुळे ऐकणं किती स्वच्छ होतं, हे संदेश किती जोरकस आहे यावर जसं ठरतं, तसंच तो ज्यात मिसळतो तो गोंगाट किती आहे यावरही ठरतं.

हा गोंगाट मोजता कसा येतो? माणसाच्या डोक्यावर काही इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणाऱ्या चकत्या, चिकटवतात आणि कानात एक छोटं अक्षर ऐकवतात, बहुतेक वेळा 'डा'. काहीच करायचं नसतं, नुसतं बसायचं. चित्रपट पाहिला तरी चालतो. अक्षर ऐकलं की ब्रेनस्टेम आणि मध्यमेंदूतल्या पेशी आवाजाच्या लयीत संदेश सोडतात. आवाजात सेकंदाला १०० कंपनं असतील, तर डोक्यावर मिळणारी विजेची लाटही सेकंदाला १०० वेळा वरखाली होते. ही नक्कल इतकी हुबेहूब असते की ती लाट स्पीकरमधून वाजवली तर ते अक्षर ओळखू येतं. एका माणसाच्या मेंदूने ऐकलेलं दुसऱ्या माणसाला कानांनी ऐकता येतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चकित झालो होतो.

अडचण एवढीच की ही लाट अत्यंत क्षीण असते, एका मायक्रोव्होल्टहून कमी. एकदा अक्षर ऐकवून काहीच हाती लागत नाही. म्हणून तेच अक्षर हजारो वेळा ऐकवतात आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढतात. आवाजाला दिलेला प्रतिसाद दर वेळी त्याच जागी येतो, म्हणून तो टिकतो. गोंगाट दर वेळी वेगळा असतो, त्याचे चढउतार एकमेकांना खोडून टाकतात. शंभर नोंदींची सरासरी घेतली की गोंगाट दहापट उतरतो. या पद्धतीत दोन अक्षरांमधल्या शांत जागाही नोंदल्या जातात. तिथे बाहेरून काहीच येत नसतं. त्या जागेत जी वीज दिसते, तीच पार्श्वभूमीची. तिचं माप अशा रीतीने वेगळं हाती लागतं.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस यांचा गट अनेक वर्षं हे काम करतो. २०१९ च्या अखेरीस त्यांनी विद्यापीठाच्या संघांतून खेळणाऱ्या ४९५ खेळाडूंची तुलना त्याच वयाच्या ४९३ इतर विद्यार्थ्यांशी केली. मुलं आणि मुली दोन्ही होते. या क्षेत्रातले बरेच अभ्यास वीस-तीस जणांवर होतात, तिथे जवळपास हजार माणसं म्हणजे फार मोठा आकडा आहे.

गोंगाटाच्या तुलनेत आवाजाचा प्रतिसाद खेळाडूंमध्ये जास्त उठून दिसला. पण आवाजाचा प्रतिसाद त्यांच्यात मोठा झालेला नव्हता. पार्श्वभूमीच कमी झाली होती. आवाजाचा संदेश तेवढाच, आसपासची वीज शांत.

गजबजलेल्या वर्गात शिक्षकांचं बोलणं मागच्या बाकापर्यंत पोचवायचं, तर एक तर शिक्षकांनी आवाज चढवावा, नाही तर मुलांनी गप्प व्हावं. याच गटाने आधी जे अभ्यास केले होते, त्यांत संगीत शिकणारे आणि दोन भाषा सहज बोलणारे लोक पहिल्या प्रकारात बसत होते: त्यांच्या मेंदूत आवाजाच्या काही घटकांचा प्रतिसादच जास्त ठळक दिसला होता. खेळाडू दुसऱ्या प्रकारात निघाले.

मला या निष्कर्षाचं महत्त्व वाटतं ते याच कारणासाठी. ऐकणं सुधारायचं म्हटलं की कानांना जास्त आवाज पुरवायचा, हेच आपल्या डोक्यात येतं. आतला गोंधळ कमी करणं हाही ऐकणं सुधारण्याचा मार्ग असू शकतो, आणि तो शरीराच्या मेहनतीतून जाऊ शकतो, हा विचार सहसा कुणी करत नाही.

हे घडत असेल कशामुळे?

पहिला संशय अर्थात तंदुरुस्तीवर. नियमित व्यायामाने मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो. २०११ मध्ये अमेरिकेत १२० वयस्कर लोकांवर झालेल्या अभ्यासात वर्षभर चालण्याचा व्यायाम केलेल्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी निगडित भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. नुसतं ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत तो थोडा आक्रसला. कानाबद्दल बोलायचं, तर २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की पिंजऱ्यातल्या चाकावर आयुष्यभर धावलेल्या उंदरांची श्रवणशक्ती म्हातारपणी बसून राहिलेल्या उंदरांपेक्षा चांगली टिकली आणि त्यांच्या कॉक्लिआतल्या रक्तवाहिन्याही कमी झिजल्या. चेतापेशींना इंधन आणि प्राणवायू वेळेवर मिळाले, तर त्यांचं काम जास्त शिस्तीत चालत असेल, असं मानायला जागा आहे.

दुसरा संशय मला जास्त रोचक वाटतो: खेळणं हेच मुळात ऐकण्याचं शिक्षण आहे. प्रेक्षकांचा गलका, प्रशिक्षकाची हाक, सहकाऱ्याची सूचना, चेंडूचा ठोका, मागून येणारी पावलं, आणि या सगळ्यांत स्वतःचा श्वास. यातलं कामाचं वेचून उरलेलं सोडून द्यायचं काम खेळाडू रोज करतो. आणि तो आवाजातून काय काय काढतो, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. बास्केटबॉलच्या अनुभवी खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीचा नुसता आवाज ऐकवला, तरी तो कुठल्या बाजूला जाणार हे त्यांनी नवख्यांपेक्षा चांगलं ओळखलं. हा अभ्यास २०१७ चा. टेनिसमध्ये रॅकेटला चेंडू लागतानाचा आवाज मोठा करून ऐकवला की पाहणारे चेंडू आणखी लांब पडेल असं धरतात, हे जर्मनीतल्या येना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. डोळ्यांसमोर तीच फीत असते, फक्त आवाज बदललेला. हातोडा फेकणाऱ्या खेळाडूंना त्यांच्याच सर्वोत्तम फेकीचा आवाज सरावात ऐकवला, तेव्हा त्यांची फेक सुधारली. हालचालीची लय कानातून परत शरीरात उतरली, असं म्हणता येईल.

आवाजावर उभा राहिलेला खेळ पाहायचा असेल, तर गोलबॉल पाहावा. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४६ मध्ये तो तयार झाला आणि १९७६ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. सव्वा किलोच्या चेंडूत घुंगरू असतात. सगळे खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधतात, म्हणजे ज्याला थोडं दिसतं त्यालाही फायदा मिळत नाही. खेळ चालू असताना प्रेक्षकांनी अगदी गप्प राहायचं असतं. वेगाने घरंगळत येणारा चेंडू नुसत्या कानांनी जोखून त्याच्या आड झेपावणाऱ्या माणसाला पाहिलं की ऐकणं हे शरीराचं कौशल्य आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता शंकांकडे वळू, कारण त्या खऱ्या आहेत. ४९५ खेळाडूंचा अभ्यास एका वेळी केलेली तुलना आहे. खेळल्यामुळे मेंदू शांत झाला, की शांत मेंदूची मुलंच खेळात टिकून विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचली, हे त्यातून सांगता येत नाही. घरची परिस्थितीही मध्ये येते. याच गटाने २०१३ मध्ये शिकागोतल्या ६६ किशोरवयीन मुलांची तपासणी केली, तेव्हा ज्यांच्या आईचं शिक्षण कमी होतं त्यांच्या मेंदूतला पार्श्वभूमीचा गोंगाट जास्त होता. गोंगाट, अभाव आणि ताण यांत वाढलेल्या मुलाच्या मेंदूवर त्याची खूण राहते, हा त्यातला मनाला लागणारा भाग. आणखी एक तांत्रिक गोष्ट: डोक्यावरच्या इलेक्ट्रोडला मान आणि जबड्याच्या स्नायूंची वीजही दिसते. जो माणूस खुर्चीत सैल बसतो, त्याची नोंद आपोआप स्वच्छ येते. कसलेलं शरीर सैल बसायला शिकलेलं असतं, हाही फरकाचा एक भाग असू शकतो.

शिवाय तुलनेची दुसरी बाजू, म्हणजे संगीताची, आता डळमळली आहे. अनेक केंद्रांनी मिळून २६० हून अधिक लोकांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीत शिकलेल्यांत 'डा'सारख्या आवाजाचा सुरुवातीचा प्रतिसाद जास्त ठळक असतो, हा जुना निष्कर्ष त्यात पुन्हा दिसला नाही. खेळाडूंच्या निष्कर्षाला याने थेट धक्का बसत नाही. तो वेगळ्या मापावर आणि पुष्कळ मोठ्या संख्येवर उभा आहे. पण संगीतकार आवाज वाढवतात आणि खेळाडू गोंगाट घटवतात, ही सुबक जोडी जशीच्या तशी सांगत सुटणं आता योग्य नाही. खेळाडूंबद्दल खात्री हवी असेल, तर न खेळणाऱ्या मुलांना घेऊन, अर्ध्यांना खेळायला लावून, दोन-तीन वर्षं आधी आणि नंतर मोजायला हवं. तोवर 'संबंध दिसतो' इथेच थांबणं प्रामाणिक.

डोक्याला बसलेला मार

या संशोधनाची एक शाखा मात्र आजच उपयोगाची आहे. खेळात डोकं आपटलं, मेंदू कवटीत हादरला, की त्याला कन्कशन म्हणतात. बाहेरून जखम दिसत नाही, साध्या स्कॅनमध्येही बहुधा काही येत नाही. डॉक्टरांना रुग्ण सांगेल त्या लक्षणांवर विसंबावं लागतं, आणि पुढचा सामना खेळायचा असलेला खेळाडू लक्षणं लपवतो. मूल लहान असेल तर त्याला ती सांगताही येत नाहीत.

ऐकण्याची वाट इथे कामाला येते. मायक्रोसेकंदांत चालणारी यंत्रणा हादऱ्याने विस्कटली, तर ते पटकन दिसायला हवं. २०१६ मध्ये क्राउस यांच्या गटाने कन्कशन झालेल्या २० आणि न झालेल्या २० मुलांची 'डा' ऐकवून तपासणी केली. कन्कशन झालेल्यांत आवाजाच्या उंचीला, म्हणजे स्वराच्या पट्टीला मिळणारा प्रतिसाद सरासरी ३५ टक्क्यांनी लहान होता. या नोंदींवरून ९० टक्के जखमी मुलं आणि ९५ टक्के निरोगी मुलं बरोबर ओळखता आली. मुलं बरी होत गेली, तसा प्रतिसादही सुधारत गेला. गट लहान आहे, त्यामुळे ही तपासणी एकटीच्या बळावर निदान करेल असं आज म्हणता येणार नाही. पण रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून नसलेलं एक माप मिळणं मोठं आहे. पुढच्याच वर्षी, पूर्वी एकदा कन्कशन होऊन बरे झालेल्या अमेरिकन फुटबॉलच्या महाविद्यालयीन खेळाडूंत हाच प्रतिसाद किंचित कमी आढळला. खेळायला ते केव्हाच परतले होते.

ज्यांच्या घरात किंवा संघात खेळणारं मूल आहे, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. डोक्याला मार बसल्यानंतरच्या दिवसांत मूल म्हणालं की वर्गातला गलका सहन होत नाही, दोघं एकदम बोलले तर काही कळत नाही, तर ते टाळाटाळ करतंय असं समजू नका. त्याला मैदानावर पाठवण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि ही तक्रार आवर्जून सांगा. कानाची नेहमीची तपासणी चांगली आली तरी ही तक्रार खरी असू शकते. त्या तपासणीत बारीक सूर ऐकू येतो की नाही एवढंच पाहतात, आणि बिघाड कानाच्या पुढे, मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर झालेला असू शकतो.